पश्चात

सोमवार, ३ मार्च

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर आज पहाटे गेल्या. दातांच्या डॉक्टर. माझ्या तोंडात अजून जे काही जागेवर आहे ते त्यांच्या कृपेने. काल दुपारी छातीत दुखायला लागलं तर म्हणाल्या, पित्त असेल. लोकांना जबडा उघडायला लावून दम भरणारी बाई स्वतःच्या बाबतीत इतकी हलगर्जी असावी, याचा मला दुःखाच्या आधी संताप आला. तो अजून उतरलेला नाही.

भेटायला येणाऱ्यांनी त्यात भर घातली. एकीने चष्मेवालीला विचारलं, "आता एवढ्या मोठ्या घरात तुम्ही एकट्याच राहणार?" म्हणजे घराचा अंदाज घेऊन झाला. सेक्रेटरी माझ्याकडे आला, "मॅडम, लिफ्ट खाली अडवून ठेवू का?" जणू लिफ्ट माझ्या माहेरची.

चष्मेवाली म्हणजे डॉक्टरांबरोबर राहते ती. कोपऱ्यावर तिचं चष्म्यांचं दुकान आहे. मी या इमारतीत आले तेव्हापासून दोघी एकत्र राहतात, आणि इमारत त्यांना 'दात-डोळे' म्हणते. दात-डोळे फिरायला गेले. दात-डोळ्यांकडे पाणी आलं का बघ. त्यांनाही ते ठाऊक होतं. डॉक्टर म्हणायच्या, "वरच्या मजल्यावर जीभ राहते, तेव्हा चेहरा पुरा झाला." जीभ म्हणजे मी. संध्याकाळचा माझा चहा त्यांच्याकडे.

इथे कुणी गेलं की निधनाची जाहिरात मी लिहिते. जन्मभर दुसरं केलं काय? वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या विभागात लागले आणि त्याच विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाले. माणूस चार ओळींत कसा बसवायचा ते मला येतं. दुपारी कागद घेऊन खाली गेले. चष्मेवाली स्वयंपाकघरात उभी होती, कुणी सांगूनही बसत नव्हती. मी मजकूर वाचून दाखवला. शेवटी म्हटलं, "त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय आणि दोन भाचे असा परिवार आहे. बरोबर?"

ती म्हणाली, "पश्चातमध्ये मला घाला."

मला वाटलं, दुःखात बोलतेय. "तुमचं नाव खाली घेऊ की. शोकाकुल मित्रपरिवार म्हणून."

"मित्रपरिवार नाही हो, ताई. पश्चातमध्ये. पहिली."

"कोण म्हणून?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या दुकानातल्या तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षरही मला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "रोज चहाला येता. तुम्हीच सांगा, कोण म्हणून."

मी कागदाची घडी घातली आणि वर आले.


मंगळवार, ४ मार्च

दुपारी सगळं उरकलं. डॉक्टरांचा भाऊ आणि भावजय बाहेरगावाहून आले. भाऊ पुढे, चष्मेवाली मागे, मी मध्ये कुठेतरी.

परत आल्यापासून कपाट आवरतेय. आवरलेलं होतं, तरी पुन्हा काढलं.

मी मागासलेली नाही. कुणी कुणाबरोबर राहावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. इतक्या वर्षांत मी एका शब्दाने विचारलं नाही. त्यांच्या झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं असे, आणि ते लोटलेलं असल्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानत असे. याला सभ्यपणा म्हणतात. त्याची किंमत ठेवायची सोडून बाई मला म्हणते, छापा.

एखादी गोष्ट ठाऊक असणं वेगळं आणि ती तोंडावर सांगितली जाणं वेगळं. ठाऊक असलेली गोष्ट कोपऱ्यात गप्प पडून राहते. सांगितली की तिच्याकडे बघावं लागतं. मला बघायचं नव्हतं. एवढं सोपं आहे.

आता काय झालंय, मला सगळ्या आठवणी उसवून तपासाव्या लागताहेत. आम्ही तिघी एकदा समुद्रावर गेलो होतो. एकच खोली मिळाली. मी म्हटलं, मी घोरते, मी खिडकीपाशी वेगळी झोपते. त्या दोघी हसल्या. तेव्हा मला वाटलं, माझ्या घोरण्याला हसल्या. आज वाटतंय, नसतील. या वयात हे फुकटचं काम माझ्या गळ्यात का?

शिवाय लोक आम्हाला 'तिघी' म्हणतात. त्यातल्या दोघी जणी कोण ते पेपरात छापून आलं, तर तिसरीला लोक कशात जमा करतील, याचा विचार तिने केला का?

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरचा नियम होता. मधल्या सुट्टीत दोघी-दोघींनी फिरायचं नाही, तिघींनी फिरायचं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. दोघी कुठे सारख्या एकत्र दिसल्या की सिस्टर तिसरीला हाक मारून त्यांच्यात सोडत. बहुतेक वेळा मलाच. मला त्याचा मोठा अभिमान असे. आपल्यावर विश्वास आहे, असं वाटायचं.


बुधवार, ५ मार्च

सकाळीच वर आली. मी दार उघडायला वेळ लावला, तरी उभी राहिली.

मी तयारी करून ठेवली होती. म्हटलं, "हे बघा, पश्चात म्हणजे रक्ताचं नाही तर लग्नाचं नातं. हा माझा नियम नाही, जाहिरातीचा आहे."

"तुम्ही एकदा कुत्रा घातला होतात. तुम्हीच सांगितलं होतंत, चहाला. 'पश्चात पत्नी, मुलगी आणि लाडका कुत्रा.'"

"कुत्र्याची गोष्ट वेगळी."

"ती कशी?"

म्हटलं, "कुत्र्याबद्दल कुणी चार प्रश्न विचारत नाही."

ती हसली. डोळे सुजलेले, आणि हसली. मग म्हणाली, "तुमचे यजमान गेले तेव्हा आम्ही दोघी दवाखान्यात तुमच्याबरोबर होतो. त्यांना कोणता शर्ट घालून न्यायचा ते तुम्हाला सांगता येत नव्हतं. शेवटी हिनेच बॅग उघडून निळा काढला. पण जाहिरातीत पहिली तुम्ही होतात."

"मी पत्नी होते."

"तेच म्हणतेय मी."

हे शेवटची बरीच वर्षं दुसऱ्या गावी नोकरीला होते, आजारी पडल्यावर परत आले. त्यांचे शर्ट मला कुठून माहीत असणार? यात एवढं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी म्हटलं, बसा, शब्द शोधू. ती बसली. चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकेक काच सरकवताना बोलते त्याच आवाजात म्हणाली, "हं. पहिला."

"मैत्रीण."

"धूसर."

"जिवलग मैत्रीण."

"तेच. नुसतं मोठं दिसतं."

"सखी."

"हा कवितेतला. रस्ता ओलांडताना उपयोग नाही."

"सहनिवासी."

"भाडेकरूची पाटी झाली."

"निकटवर्तीय."

"पोलीस येतील चौकशीला."

मलाही हसू आलं, आणि आल्याचा राग आला. 'सहचारिणी' माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला. तेवढ्यात मला सुचलं.

"जोडीदार," मी म्हटलं.

तिने चष्मा लावला. "हा स्पष्ट दिसतो, ताई. हाच. आणि माझं नाव?"

"पश्चातच्या ओळीत नावं नसतात. नाती असतात." हे खोटं आहे. पैसे मोजले तर नावंही असतात. तिला ते ठाऊक नव्हतं.

जाताना तिने दारात दोनदा आभार मानले.

आता मला जे जमलं ते इथे तरी लिहिते, कारण कौतुक करणारं दुसरं कुणी नाही. आमच्या विभागात एकदा दोन कुटुंबं भांडत आली होती. माणूस एक, बायका दोन, दोघींना पश्चातमध्ये यायचं होतं. मी लिहिलं, 'पत्नी, पाच मुले असा परिवार आहे.' पत्नीचं अनेकवचनही पत्नीच. दोन्ही घरं समाधानाने गेली. तसंच हे. जोडीदार हा शब्द पुल्लिंगी. वाचणाऱ्याला आपोआप पुरुष दिसतो. तिला तिचा शब्द मिळाला आणि जगाला त्याचं. चूक कुणाला काढता येणार नाही.


शुक्रवार, ७ मार्च

जाहिरात आली. फोटो चांगला छापलाय. 'त्यांच्या पश्चात जोडीदार, भाऊ, भावजय व दोन भाचे असा परिवार आहे.' माझ्या जागेवर आता जी मुलगी आहे तिने अक्षरसुद्धा बदललं नाही. म्हणाली, "मॅडम, तुमचा मजकूर आम्ही तपासत नाही."

नाश्ता होतो न होतो तोच नणंदेचा फोन.

"वहिनी, बोलल्या नाहीत तुम्ही."

"काय?"

"डॉक्टरीणबाईंचा कुणी होता म्हणून. जोडीदार लिहिलंय. कोण हो तो?"

"पेपरात आहे तेवढंच मला माहीत."

"तुम्हीच लिहिता की तिथलं. इतकी वर्षं चहा प्यायलात आणि वास लागू दिला नाहीत. आणि आम्ही काय काय समजत होतो त्या दोघींना. देवा. बरं वाटलं बाई वाचून."

"काय समजत होतात?"

"जाऊ दे ना आता. नव्हतंच तसलं काही."

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. मी जे ठरवलं होतं तेच झालं. तरी दिवसभर घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या.


शनिवार, ८ मार्च

डॉक्टरांचा भाऊ निरोप घ्यायला आला. पुढच्या शनिवारी खालच्या हॉलमध्ये शोकसभा आहे, तेव्हा परत येईल. सज्जन माणूस आहे, चपला नीट जोडून आत आला.

म्हणाला, "मॅडम, तुमचे आभार मानायचे होते. काय शब्द काढलात. ह्यांचंही समाधान झालं," त्याने बोटाने खालचा मजला दाखवला, "आणि आपलंही. दोन्हीकडून झाकलं गेलं."

"मी काही झाकलेलं नाही."

"तेच ते. सभ्य भाषा. मला नसतं जमलं. ताईच्या बाबतीत मी नेहमी असंच सांभाळून घेत आलो. लग्नाकार्यात दोघींना बोलवायचो, पण फोटोत वेगळ्या रांगेत."

मी त्याला चहा विचारला नाही. का, ते माहीत नाही. त्याने जे म्हटलं ते सगळं मी बुधवारी या वहीत लिहिलेलंच आहे. त्याच्या तोंडून ऐकताना मात्र अंगावर पाल पडल्यासारखं झालं. 'आपलंही' म्हणे. मी कधी त्याची झाले?


रविवार, ९ मार्च

इमारतीने माणूस शोधून काढला. म्हणजे अजून सापडलेला नाही, पण त्याची उंची ठरली आहे. दुसऱ्या मजल्यावरची म्हणते, तिने त्याला एकदा जिन्यात पाहिलंय, उंच आहे, कानाशी केस पांढरे. कुणी म्हणतं परदेशात असतो. कुणी म्हणतं त्याची पहिली बायको आजारी आहे, म्हणून बिचाऱ्याला उघड येता येत नाही. बिचारा. डॉक्टरांबद्दल सगळे आता वेगळ्या आवाजात बोलतात. आयुष्यभर वाट पाहिली बाईने. चष्मेवाली मग कोण? तर सोबत. बाईला सोबत म्हणून ठेवलेली.

जिन्यात रोज दिसणारी बाई कुणाला दिसली नाही, आणि नसलेला माणूस कानाशीच्या पांढऱ्या केसांसकट दिसला.

सेक्रेटरीने गाठलं. "मॅडम, एक नाजूक विचारतो. जोडीदार म्हणजे दवाखान्यातले पार्टनर, की तसे?"

"म्हणजे कसे?"

"म्हणजे... आदराने विचारतो. शनिवारी पुढे खुर्ची ठेवायची ना त्यांना? भावाशेजारी?"

हो म्हटलं तर आणखी विचारेल, नाही म्हटलं तर का ते विचारेल. मी म्हटलं, "ठेवा."

"येतील ना पण?"

"ठेवा म्हटलं ना."


मंगळवार, ११ मार्च

चार दिवस चहाला गेले नाही. पाय दुखतो असा निरोप दिला होता. पाय दुखत नाही.

आज तीच वर आली, हातात फुलांचा मोठा गुच्छ. म्हणाली, "ही तुमच्याकडे ठेवा. माझी नाहीत."

लांबून एक पेशंट आला होता. दारात म्हणाला, साहेबांना भेटायचं होतं. कोण साहेब, हिने विचारलं. बाईंचे यजमान, पेपरात वाचलं. त्याने फुलं हिच्या हातात दिली. "साहेब आले की द्या. घरकाम तुम्हीच बघायचात ना? चांगलं सांभाळलंत बाईंना."

"तुम्ही सांगायचंत मग," मी म्हटलं.

"काय सांगायचं? पेपरात आलंय, ताई. छापून आलंय. त्याला वाटलं असतं, ही बाई खोटं बोलतेय."

मी फुलं टेबलावर ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं का, लोक असं वाचतील?"

"लोकांच्या डोक्याला मी काय करणार?"

"ते नाही विचारलं. तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

फुलं टेबलावर तशीच पडली आहेत. पाण्यात ठेवायला हात पुढे होत नाही. ठेवायची तर कुणाची म्हणून?


गुरुवार, १३ मार्च

शब्दकोश काढला. जोडीदार: सोबती, भागीदार, जोडीतला दुसरा. एकही अर्थ खोटा नाही. माझ्या ओळीत चूक नाही. मग मी शब्दकोश का काढला?

खिडकीतून दुकान दिसतं. ती कुणाच्या तरी नाकावर चष्मा बसवत होती. मी पडदा ओढला, पुन्हा सारला, पुन्हा ओढला. चहा केला आणि ओतून दिला. तिचाच राग येतोय. खाली गुण्यागोविंदाने गप्प राहिली असती तर मी माझ्या जागी बरी होते. माझ्या मनात त्या दोघींबद्दल काही वाईट नव्हतं, असं मी इथे लिहिणार होते. 'वाईट'पाशी थांबले. वाईट नव्हतं, पण ते दार लोटलेलं असावं असं मला वाटायचं. ते उघडं असतं तर मी चहाला गेले असते का? लिहून टाकते: नसते गेले.

उद्या भाषणाची तयारी करायची. सगळ्यांनी ठरवलंय की दोन शब्द मी बोलायचे.


शनिवार, १५ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

हॉल भरला होता. इतकी माणसं माझ्या अंदाजात नव्हती. अर्धे डॉक्टरांसाठी आले होते आणि अर्धे त्याला बघायला. पुढच्या रांगेत भाऊ, भावजय, आणि मध्ये एक रिकामी खुर्ची. तिच्या पाठीवर सेक्रेटरीने 'राखीव' असा कागद चिकटवलेला. दार वाजलं की सगळ्या माना वळत. चष्मेवाली मागे, भिंतीला लागून, दिव्यांच्या बटणांपाशी उभी होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं, फोटोवरचा दिवा जरा बघा. ती बघत होती.

सभा सुरू झाली आणि दार उघडलं. उंच माणूस. कानाशी केस पांढरे. हातात फुलं.

हॉल उभा राहिला. खरंच उभा राहिला. सेक्रेटरी धावला, त्याचं कोपर धरून, "या, या, तुमचीच वाट बघत होतो," करत त्याला पुढे घेऊन आला. मी त्या माणसाला ओळखते. डॉक्टरांच्या पेशंटांच्या कवळ्या तो बनवायचा. माझ्या नवऱ्याची कवळीही त्यानेच बनवली होती. तो गोंधळून इकडेतिकडे बघत होता, पण बसवलं तिथे बसला. दुसऱ्या मजल्यावरची माझ्या कानाशी म्हणाली, "सांगितलं नव्हतं का मी? उंच."

तोपर्यंतही मी गप्प राहिले असते. मला माझी खात्री आहे, राहिले असते. पण डॉक्टरांचा भाऊ थोडा सरकला आणि त्याने त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. हळूच थोपटलं. त्याला ठाऊक होतं हा कोण आहे. दवाखान्यात त्याने त्याला दहादा पाहिलं असेल. तरी थोपटलं. एवढं चांगलं झाकण आयतं चालून आलंय, तर ते नीट बसवून घ्यावं, तसं.

मी मागे वळून पाहिलं. ती दिव्याच्या बटणावर बोट ठेवून उभी होती आणि ते थोपटणं बघत होती.

माझं नाव पुकारलं. मी भाषणाचा कागद घेऊन पुढे गेले. त्यातली पहिली ओळ काय होती ते आता आठवत नाही. मी म्हटलं, "त्या खुर्चीवर जे बसलेत ते कवळ्या बनवतात."

कुणीतरी हसलं.

"मला हे विचारायचंच होतं," तो माणूस म्हणाला. "मला वाटलं, कामातल्या लोकांना पुढे बसवताहेत."

मी म्हटलं, "जाहिरात मी लिहिली. जोडीदार हा शब्द मी मुद्दाम निवडला, तुम्हाला पुरुष दिसावा म्हणून. तुम्हाला दिसला. डॉक्टरांचा कुणी पुरुष नव्हता. त्यांच्या जोडीदार मागे बटणांपाशी उभ्या आहेत. तुम्ही त्यांच्याकडून चष्मे घेता."

मला वाटलं होतं काहीतरी होईल. आरडाओरडा. काही झालं नाही. नुसत्या खुर्च्या सरकल्या. तीन-चार जण उठून गेले, त्यात एकजण पायांचा आवाज न करता, जणू लहान मूल झोपलंय. सेक्रेटरी आपल्या नखांकडे बघत राहिला. कवळ्यावाला मात्र लगेच उठला, फुलं फोटोपुढे ठेवली, खुर्चीच्या पाठीवरचा कागद काढून खिशात घातला आणि मागे हाक दिली, "ताई, या. मी उगाच अडवून बसलो."

तिला यायला खूप वेळ लागला. वाटेत कुणी पाय आत घेतले, कुणी घेतले नाहीत. ती भावाशेजारी बसली. भावाने समोर बघितलं, भावजयीने मात्र आपली पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, तिला नीट बसता यावं म्हणून. की लांब व्हावं म्हणून, मला सांगता येणार नाही.

मी तशीच उभी होते. माझं बोलायचं सगळं संपलं होतं.

ती म्हणाली, "बोला ना, ताई. थांबलात का?"

तेव्हा मी ती ओळ म्हटली. जन्मभर लिहिलेली, एकदाही मोठ्याने न म्हटलेली. त्यांच्या पश्चात, म्हटलं, आणि तिचं नाव घेतलं, पूर्ण नाव, आडनावासकट. मग भाऊ, भावजय, दोन भाचे. असा परिवार आहे. आणि बसले.


रविवार, १६ मार्च

सकाळी सेक्रेटरी जिन्यात दिसला. दिसला म्हणजे त्याची पाठ दिसली. दुसऱ्या मजल्यावरचीने दार उघडलं होतं ते मला बघून लोटून घेतलं.

नणंदेचा फोन आला. "वहिनी, काय गरज होती? आता तुमच्याबद्दलही बोलताहेत लोक. तिघी म्हणून."

"बोलू देत," मी म्हटलं. झोकात म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर आरशासमोर जाऊन उभी राहिले, आपण कशा दिसतो ते बघायला. या वयात. मग कडी नीट लागली आहे का ते पाहिलं. माणसं दाराआड काय बोलतात याची मला एवढी भीती वाटते हे मला ठाऊक नव्हतं. आणि त्या दोघी याच जिन्यातून रोज उतरायच्या.

दुपारी ती आली. आभार मानायला आली असं मला वाटलं, मी साडी सारखी करून तयार बसले.

म्हणाली, "मंगळवारी मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"मला एकटीला खरं सांगितलं नाहीत. शंभर माणसांना सांगितलंत."

"हो."

"लोकांसमोर बोलणं तुम्हाला सोपं गेलं?"

मी विचार केला. "नाही. पण तुमच्याकडे बघून बोलणं त्याहून अवघड होतं."

तिने मान हलवली, म्हणजे ते तिला पटलं की नाही कोण जाणे. खिडकीपाशी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. आज पहिल्यांदा तिला कुणी न सांगता बसताना पाहिलं. म्हणाली, "आता काय वाटतं तुम्हाला? आमच्याबद्दल. खरं सांगा, मला चालेल."

"अवघडल्यासारखं होतं," मी म्हटलं. "अजून. ते गेलेलं नाही."

"ती म्हणायची, हिला सगळं ठाऊक आहे, एक दिवस आपणहून विचारेल. दर संध्याकाळी वाट बघायची. तुम्ही गेल्यावर म्हणायची, आजही नाही विचारलं."

एवढं बोलली आणि मग तिला रडू आलं. तेरा-चौदा दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. रडता रडता तिने माझा हात धरला, नुसता धरला नाही, दोन्ही हातांत घट्ट धरून आपल्या गुडघ्यावर ठेवला.

खिडकी सताड उघडी होती. समोरच्या गॅलरीत नवरा-बायको कपडे वाळत घालत होते. ते थांबले आणि आमच्याकडे बघायला लागले. हात काढून घ्यावासा वाटला, अगदी तीव्रतेने वाटला. मी तो काढला नाही. पडदा ओढायलाही उठले नाही.